आईकडून लेकीकडे काय येतं? डॉ. कमल रणदिवे यांची गोष्ट

 आज हप्ता, व्याज, कर्ज यातलं काहीच बोलणार नाही. आज एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. पण ती शोधायची वेळ आमच्यावर का आली, ते आधी सांगायला हवं.

मागच्या वर्षी आमच्या एका गटातल्या काकूंना छातीत गाठ निघाली. निघाली म्हणजे आम्हाला तेव्हा कळली. काकूंना ती आठ महिन्यांपासून ठाऊक होती. पण घरात लेकीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. काकूंची आई याच दुखण्यानं गेलेली. "घराण्यातच आहे" असं पाहुण्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं जमलेलं मोडेल, या भीतीनं त्यांनी सगळं पदराखाली झाकलं आणि दुखणं अंगावर काढलं. अक्षता पडल्या, लेक सासरी गेली, मग पंधरा दिवसांनी त्यांनी जावेला सांगितलं. ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत, काकू आता बैठकीला येतात. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आधी आला असता तर एवढं सगळं करावं लागलं नसतं."

यात आमचीही चूक आहे. त्या आठ महिन्यांत काकू प्रत्येक बैठकीला आल्या. रजिस्टरमध्ये त्यांचा एकही हप्ता चुकलेला नाही. आम्ही पासबुक बघितलं, बाई बघितली नाही.

पुढे त्यांची लेक माहेरपणाला आली आणि आईबरोबर बैठकीत बसली. सगळं संपल्यावर हळूच म्हणाली, "ताई, आजीला झालं, आईला झालं. आता माझा नंबर का?" कुणीच बोललं नाही. एक म्हातारी म्हणाली, "कपाळात असेल ते होतंय, बाई."

आमचं शिक्षण बीएपर्यंतचं, पण त्या पोरीला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग वाचायला घेतलं, डॉक्टरांना विचारलं. तेव्हा कळलं, की आईकडून लेकीकडे नेमकं काय येतं, हा प्रश्न आपल्याच एका मराठी बाईनं पुढ्यात घेतला होता आणि त्यासाठी सगळी उमर घातली होती. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आईचं नाव शांताबाई. मुलींना शिकवणं त्या काळी सगळ्यांना पटत नव्हतं, पण या घरात मुलं शिकलीच पाहिजेत असा आग्रह होता. कमल हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत शिकल्या, हुशार निघाल्या. वडिलांना वाटायचं, पोरीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. कमलनं दोन्ही ऐकलं नाही. फर्ग्युसनमध्ये त्यांनी झाडं आणि प्राणी यांचं शास्त्र घेतलं आणि 1939 साली लग्न केलं ते गणित शिकलेल्या ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी.

लग्नानंतर शिक्षण थांबलं असेल, असं तुम्हाला वाटेल. थांबलं नाही. नवऱ्यानं अभ्यासाला साथ दिली आणि 1943 साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून त्या एमएस्सी झाल्या. विषय कोणता, तर सीताफळ! आपल्या बालाघाटाच्या डोंगरउतारावर आपोआप उगवतं, पाटीत घालून आपण बाजारला नेतो, तेच. सीताफळ, रामफळ या सगळ्या भावकीतल्या झाडांच्या पेशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या.

पेशी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. घर जसं विटेविटेनं उभं राहतं, तसं झाडाचं, जनावराचं, माणसाचं अंग पेशींनी उभं राहतं. प्रत्येक पेशीत बारीक दोऱ्यांसारखी गुणसूत्रं असतात. पान कसं असावं, फळ कसं लागावं, डोळे कसे असावेत, हे सगळं या दोऱ्यांत लिहिलेलं असतं. त्यातल्या एकेका मजकुराला जनुक म्हणतात. सीताफळाच्या पेशीत असे 14 दोरे असतात, माणसाच्या पेशीत 46. त्यातले 23 आईकडून येतात आणि 23 बापाकडून. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

लग्नानंतर कमलताई मुंबईला आल्या आणि टाटा हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. परळचं हे कॅन्सरचं हॉस्पिटल 1941 साली सुरू झालेलं, म्हणजे तेव्हा नवंच होतं. तिथे डॉ. वसंत खानोलकर हे मोठे पॅथॉलॉजिस्ट होते. गाठीचा तुकडा तपासून रोग ओळखणं हे पॅथॉलॉजिस्टचं काम. कॅन्सरवर नुसती औषधं देऊन भागणार नाही, तो कुणाला होतो आणि का होतो हे शोधलं पाहिजे, असं खानोलकर मानत. त्यांच्या हाताखाली अभ्यास करून कमलताईंनी 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. तेव्हा त्यांचं वय 31-32 होतं आणि त्या संसारी बाई होत्या.

पीएचडीनंतर त्या अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोर गावात जॉन्स हॉपकिन्स नावाचं मोठं रुग्णालय आणि विद्यापीठ आहे. तिथे डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. आडनाव ऐकून हसू नका, मोठा माणूस होता. माणसाच्या शरीरातल्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जगवायचं तंत्र त्यांनी बसवलं होतं. याला ऊतिसंवर्धन म्हणतात. आपण रोपवाटिकेत रोप जगवतो तसंच, पण शंभरपट नाजूक. ऊब नेमकी हवी, खुराक नेमका हवा, आणि बाहेरचा एक जंतू जरी शिरला तरी सगळं नासतं.

याच प्रयोगशाळेची एक गोष्ट बायांनी ऐकायलाच हवी. 1951 साली हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब काळी बाई तिथे दाखल झाली. लहानपणापासून तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई, वय 30. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, आपण ज्याला पिशवीचा कॅन्सर म्हणतो तो. तिच्या गाठीतल्या पेशी डॉ. गाय यांनी नळीत वाढवल्या आणि त्या मेल्याच नाहीत, वाढतच राहिल्या. बाई त्याच वर्षी गेली, पण तिच्या पेशी आजही जगभर प्रयोगशाळांत आहेत आणि त्यांच्या जोरावर कितीतरी औषधं, लसी निघाल्या. पेशी घेताना तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांना तर हे वीसेक वर्षांनी कळलं. शास्त्र पुढे गेलं त्यात अशा न विचारलेल्या बाईचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

कमलताईंना परदेशात राहता आलं असतं. त्या परत आल्या. मुंबईला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र 1952 साली सुरू झालं होतं. तिथे त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ती अशी पहिली प्रयोगशाळा. बाहेर शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही त्या सांगत राहिल्या, की शिका आणि परत या, इथे काम आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्तनाचा कॅन्सर आईकडून लेकीकडे जातो का?

माणसावर असा प्रयोग करता येत नाही. एक पिढी बघायलाच वीस-पंचवीस वर्षं लागतात. म्हणून शास्त्रज्ञ उंदीर पाळतात. उंदराच्या वर्षभरात कितीतरी पिढ्या होतात. उंदरांच्या काही जाती अशा होत्या, की त्यातल्या बहुतेक माद्यांना स्तनात गाठी व्हायच्या. काही जातींत जवळजवळ कुणालाच नाही. बघणारा म्हणेल, झालं, रक्तातच आहे.

पण 1936 साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग केला. गाठी होणाऱ्या जातीची पिल्लं जन्मताच आईपासून उचलली आणि गाठी न होणाऱ्या जातीच्या दाईला पाजायला दिली. रक्त तेच, फक्त दूध बदललं. आणि त्या पिल्लांमध्ये मोठेपणी गाठी कितीतरी कमी झाल्या! उंदराच्या दुधातून काहीतरी जात होतं. पुढे कळलं, की तो एक विषाणू होता.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. हे उंदराचं झालं. माणसाच्या आईच्या दुधानं कॅन्सर होत नाही. उलट बाळाला अंगावर पाजलं तर आईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा कमीच होतो. तेव्हा हे अर्धं ऐकून कुणी सुनेला पाजणं बंद करायला सांगू नका.

कमलताईंनी हाच धागा धरला. आपल्या केंद्रात त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या जाती वाढवल्या, पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवली, आणि बघितलं की कुणाला गाठ होते आणि कुणाला होत नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. नुसता विषाणू असला म्हणून गाठ होतेच असं नाही. वंशातून आलेली काहीएक कमजोरी लागते. तेवढ्यानंही भागत नाही. पाळी, गरोदरपण यांच्याशी जोडलेले शरीरातले स्राव, म्हणजे हार्मोन, यांचाही हात असतो. ही सगळी एकमेकांत गुंतलेली असतात. हार्मोन आणि विषाणू यांचं हे गुंतलेलं नातं आधी ओळखणाऱ्यांत जगभरात कमलताईंचं नाव घेतलं जातं.

आपल्या भाषेत सांगायचं तर नुसतं बी असून रोप येत नाही. जमीन, पाणी, हंगाम सगळं जुळावं लागतं. "घराण्यात आहे" या दोन शब्दांत सगळं संपत नाही, हेच तर त्यांचं काम सांगतं.

मग माणसात वंशाचा भाग किती? याचं उत्तर कमलताईंच्या हयातीतच मिळालं. 1990 साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं, की काही घराण्यांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारं जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. 1994 साली ते नेमकं हाती लागलं, त्याला बीआरसीए-1 म्हणतात. पुढच्याच वर्षी त्याचं भावंड, बीआरसीए-2 सापडलं. ही जनुकं सगळ्यांच्याच अंगात असतात आणि ती खरं तर राखणदार आहेत, पेशीतली मोडतोड दुरुस्त करतात. एखाद्या घराण्यात त्यात बिघाड असतो, तेव्हा धोका वाढतो.

आता दोन गोष्टी नीट ऐका. पहिली, स्तनाचा कॅन्सर झालेल्या 100 बायांपैकी साधारण 5 ते 10 जणींनाच तो असा थेट वंशातून आलेला असतो. बाकीच्यांना नाही. दुसरी, मघाशी सांगितलेला आकडा आठवा. 23 आईकडून, 23 बापाकडून. हा बिघाड बापाकडूनही तितकाच येऊ शकतो, आणि ज्याच्याकडे आहे त्याच्या प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे आत्याचं दुखणंही तेवढंच विचारायला हवं जेवढं मावशीचं. सून आणताना तिच्या आईचा आजार काढणाऱ्यांनी आधी आपल्या घरच्या आत्या मोजाव्यात.

कमलताईंचं काम एवढ्यावर थांबलं नाही. कुष्ठरोगाच्या जंतूवरही त्यांनी संशोधन केलं, त्यासाठी 1964 साली त्यांना पुरस्कार मिळाला. 1982 साली भारत सरकारनं पद्मभूषण दिलं. पण आम्हाला सगळ्यांत जवळची वाटली ती 1973 सालची गोष्ट. त्या वर्षी त्यांनी 11 सहकारी बायांना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. म्हणजे मिळून 12 जणी. आपला गटही दहा-बारा जणींचाच असतो की! शिकलेल्या बाईलाही लेकरू कुठे ठेवायचं, मुक्काम कुठे करायचा हे प्रश्न सुटलेले नसतात. या संघटनेनं नवी मुंबईत वाशीला बायांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. पुढे कमलताई गावांकडे वळल्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या आदिवासी भागात लेकरांच्या खाण्यापिण्याची, पोषणाची माहिती गोळा केली, खेड्यातल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. प्रयोगशाळेत उमर घालवलेली बाई म्हातारपणी लेकरांचं वजन बघत फिरली.

2001 साली कमलताई गेल्या. आणि नेमकं त्याच वर्षांत आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, एक मोठं काम चाललं होतं. कमलताईंची संस्था 1966 पासून ज्या टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली, त्या सेंटरनं बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलबरोबर आणि जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर ते हाती घेतलं होतं. विषय होता पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. हा कॅन्सर घराण्यातून येत नाही. तो होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. हेन्रिएटाच्या पेशींतही पुढे हाच विषाणू सापडला.

1999 ते 2003 या काळात जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायांना यात घेतलं गेलं. गावांचे चार गट केले. एका गटातल्या बायांची एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा केली आणि ज्यांच्यात बिघाड दिसला त्यांच्यावर उपचार केले. दोन गटांत दुसऱ्या पद्धतीच्या तपासण्या केल्या. चौथ्या गटाला नुसती माहिती दिली आणि नेहमीची सोय ठेवली. आठ वर्षं पाठपुरावा केला आणि 2009 साली निकाल जगापुढे आला. एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या 34,126 बायांत या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले. चौथ्या गटातल्या 31,488 बायांत 64. एका तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले!

चौथ्या गटाला तेव्हाच तपासणी का दिली नाही, यावर पुढे टीकाही झाली, आणि ती आम्हाला खरी वाटते. ते 64 आकडे नव्हते, आपल्याच जिल्ह्यातल्या कुणाच्या तरी आया होत्या. पण आज जगात कुठेही या तपासणीची चर्चा निघाली, की उस्मानाबादच्या बायांचा दाखला दिला जातो. जगाला हे आपल्या बायांनी शिकवलं. मग आपणच तपासणीला मागे का राहायचं?

आता त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही तिला पुढच्या बैठकीत असं सांगितलं. "बाई, तुझा नंबर लागलेला नाही. आजीला आणि आईला झालं म्हणून तुझा धोका इतरांपेक्षा जास्त असू शकतो, हे खरं. म्हणून तू घाबरायचं नाहीस, तू आधी जायचंस. आईला ज्या वयात झालं त्या वयाची वाट बघायची नाही. डॉक्टरला आजीचं, आईचं, मावशीचं, आत्याचं सगळं सांगायचं. गरज वाटली तर जनुकांची तपासणी मोठ्या हॉस्पिटलात होते, ते डॉक्टर सांगतील."

आणि बाकीच्या सगळ्यांना सांगतो. छातीत किंवा काखेत गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी झाली, बोंडी आत गेली, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखत नाही तीच गाठ बायका लपवतात. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते डॉक्टरनं ठरवायचं, आपण नाही. पाळी गेल्यावर रक्त गेलं, संबंधानंतर रक्त गेलं, तरी दाखवा. 30 वर्षांपुढच्या बायांसाठी तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताईंना वार विचारा. उपचाराची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सर बसतो, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा.

आमच्या गटानं आता एक ठरवलंय. महिन्याची बचत जमा झाली, की रजिस्टर मिटायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, "कुणाला काही अंगावर काढायचं चाललंय का?" उत्तर सगळ्यांपुढे द्यायची सक्ती नाही. नंतर एकटीनं येऊन सांगितलं तरी चालतं. बरोबर जायला दोघी तयार असतात, आणि कुणाच्या घरचं दुखणं कुणाच्या सोयरिकीत काढायचं नाही, हा नियम आम्ही ठरावात लिहून सह्या घेतल्यात.

काकूंच्या लेकीनं सासरी जाऊन सगळं सांगितलं. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझ्याही काखेत वर्षभर एक गाठ आहे गं." दोघी मिळून गेल्या. सासूबाईंची गाठ साधी निघाली.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर तपासून घ्या, आणि शेजारणीलाही विचारा.